चढावर उतरणारी जीप

सातवीत शाळा सोडली आणि कामापायी कोल्हापूरकडून पार रोहण्याला येऊन पडलो. दोन हजार सालच्या आसपास गावातल्या सेठची जीप रोहणा ते आर्वी चालवायचो, निजायचो त्यांच्याच गोदामात. डिझेल महागलं की सेठचं ठरलेलं वाक्य होतं, "असंच राह्यलं तं दिवाळीनंतर गाडी विकतो. मंग तू तुह्या गावाले जाजो." गावाकडं तर काहीच काम नव्हतं.

भाडं वाढवायला प्रवासी तयार नव्हते, पण गाडी बंद व्हायलाही नको होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. मी रिकामी जीप वर नेऊन उभी करायची, ते गप्पा हाणत मागून यायचे. उताराला इंजिन बंद. हळूहळू लोकांना सपाटीवरही चढ दिसायला लागला.

एक गुरुजी चालता चालता पेपरातलं सांगायचे, "जमिनीतलं तेलच संपत आलं म्हणतात."

"कोणं संपोलं जी?" टोपलीवाली म्हातारी मावशी विचारायची. "आपण तं पायीच चालून राह्यलो."

एके दिवशी सेठ स्वतः बसले. नाल्यापुढच्या चढापाशी गाडी थांबली.

"मलेही उतरा लागते?"

"तुमी तं पयले उतरा सेठजी," मावशी त्यांच्या पोटाकडं बघत म्हणाली.

सेठ धापा टाकत वर आले. "रोज सगळेच उतरता?"

"सगळेच," मी म्हणालो.

"मंग गाडी कायले पायजे?"

मी मनातल्या मनात गोदामातलं अंथरूण गुंडाळलं.

"कायले म्हंजे?" मावशीनं टोपली जिपीत ठेवली. "वर हा पोरगा आपल्यासाठी थांबून असते, म्हणून चढणं होते. नाई तं मी घरूनच निघत नाई."

सेठनी घाम पुसला. मग पुढच्या सीटवर बसले. मी किल्लीला हात घातला, तो त्यांनी धरला.

"उतार हाय ना? डिझेल कायले जाळतं? ब्रेक सोड."

जीप आवाज न करता निघाली. अर्ध्या उतारावर ते म्हणाले, "कॅनॉलपाशीही थोडा चढ हाय. दिवाळीनंतर तिथंही उतरवजो सगळ्याइले."

दिवाळीनंतर, म्हणाले. मी मान हलवली आणि आरशात पाहिलं. मावशी खिडकीतून बाहेर बघत होती, पुढचा चढ शोधत.