पंचामृतात न्हालेली किल्ली

खंडेनवमीच्या पूजेत मी मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीलाही श्रद्धेने पंचामृतस्नान घातले आणि ती कायमची निकामी झाली. दुसरी किल्ली माझ्याशी भांडून खराडीला राहायला गेलेल्या मुलाकडे होती. ती मागण्यापेक्षा मी कर्वेनगरातल्या एका किल्लीवाल्यांना घरी बोलावले. त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले.

त्या गृहस्थांनी चपला काढून मोटारीत बैठक मारली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. अर्ध्या तासात नव्या किल्लीने गाडी सुरू झाली.

"काका, जी किल्ली इथे नव्हती, ती गाडीच्या मेमरीतून पुसली. तिने आता गाडी चालू होणार नाही."

मी ओरडलोच, "अहो, ती माझ्या मुलाची होती! विचारायचं तरी!"

"चोराच्या हाती असती तर? लोक आभार मानतात," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. "परत जोडता येते. पण किल्ली इथे आणावी लागते."

दोन वर्षांत मी मुलाला फोन केला नव्हता. तिथेच लावला. पलीकडून "बाबा?" एवढेच आले आणि मी फोन कानापासून खाली घेतला. त्या गृहस्थांनी हलकेच फोन माझ्या हातून घेतला.

"गाडीची किल्ली घेऊन घरी या. बाबा वाट पाहताहेत."