गुडघ्याचे थांबे

"अहो डॉक्टर, दुखणं काढा, पण सगळं काढू नका."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे थोडं राहू द्या. चढताना कळेल एवढंच. झोपताना नको."

"मावशी, गुडघा बदलायचा म्हणजे पुरता बदलायचा. कालवणात तिखट घालतोय का मी, जरा हात आखडा म्हणायला?"

शेजारच्या स्टुलावर मावशीचे यजमान बसले होते. जिन्याखालच्या दीड हाताच्या दुकानात किल्ल्या कापून देणारा माणूस. बोलणंही कानशीनं घासल्यासारखं. ते म्हणाले, "डॉक्टर, मनावर घेऊ नका. फुकट मिळालेली वस्तू हिला टाकवत नाही. दुखणं झालं म्हणून काय झालं?"

डॉक्टर हसले. मावशी काही हसली नाही. तिनं खरंच विचारलं होतं. कारण तिचं पोट त्या दुखऱ्या गुडघ्यावर चाललं होतं, आणि हे या दोघांतल्या एकालाच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. शहराच्या पोटात एक टेकडी आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशी एक गेस्ट हाऊस. शहर बघायला लांबलांबून माणसं येतात. पहिला दिवस मोठ्या इमारती, दुसरा दिवस दुकानं. तिसऱ्या दिवशी पाय सुजतात, डोकं भणभणतं आणि मग त्यांना हवा पाहिजे असते. गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई ती हवा विकतात. पहाटे टेकडी, मग तळ्यात वल्ही मारायची नाव, मग वाफेची खोली, शेवटी तेलाचं मालिश. माणूस संध्याकाळी उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ होऊन झोपतो.

मावशी तिथं धुण्याला होती. चादरी धुवायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. एकदा ओल्या चादरींचं घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढताना पाय सटकला. घमेल्याला पोचासुद्धा आला नाही. उजवा गुडघा मात्र कायमचा बिघडला. पंधरवडा घरी बसून ती परत आली, तर गच्ची काही चढवेना. मालकीणबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चादरी वर नेता येत नाहीत तर माणसं न्या. ती आपल्या पायानं चढतात."

अशी मावशीला टेकडी मिळाली. आधीचा वाटाड्या नोकरी सोडून गेला होता, आणि पाहुणे वाट चुकून भलत्याच्याच अंगणात उतरायला लागले होते.

पहिल्याच दिवशी पाण्याच्या पंपघरापाशी गुडघा अडला. अडला म्हणजे दार अडकावं तसा. मागं कोरे करकरीत बूट घातलेले सहा पाहुणे. गुडघा दुखतोय म्हणावं तर उद्यापासून घरी. मावशीनं पंपघराच्या भिंतीला पाठ लावली आणि तोंडात आलं ते बोलली, "इथं थांबायचं. डोळे मिटा. भिंतीतून पाणी चाललंय, ते ऐका."

सहाच्या सहा जणांनी डोळे मिटले. मावशीनं वाकून दोन्ही हातांनी गुडघा चोळला. एकानं किलकिले करून बघितलं तसं ती म्हणाली, "उघडायचे नाहीत हं. मी सांगेपर्यंत नाही." कळ ओसरली, मग तिनं सांगितलं.

पुढं वाकड्या झाडापाशी कळ परत आली. टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून झाडाला टेकली, आणि सगळ्यांना म्हणाली, झाडाला तळवा लावा, डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या. वर मोडक्या कठड्यापाशी तिसऱ्यांदा. तिथून सगळं शहर खाली दिसतं. आपण निजलो ती खिडकी डोळे मिटून मनात आणा, मग उघडून शोधा, असं तिनं सांगितलं. खिडकी कुणालाच सापडेना. त्या शोधाशोधीत गुडघ्याला चांगली विश्रांती मिळाली.

खाली उतरल्यावर एक बाई तिचा हात धरून म्हणाली, "किती वर्षांनी मी अशी नुसती डोळे मिटून उभी राहिले."

"बसमध्ये राहतात की माणसं," मावशी म्हणाली. पण बाईला ते पटलं नाही. तिनं दहा जणांना सांगितलं. दहाचे शंभर झाले. दोन वर्षांत मालकीणबाईंनी दारावर पाटी लावली, 'थांबत थांबत टेकडी: पंपघर, झाड, कठडा', आणि तिन्ही जागांवर चुन्यानं रंगवलेले पांढरे दगड ठेवले. मावशीचा पगार वाढला. कळ जास्त असेल त्या दिवशी श्वास जास्त, कमी असेल त्या दिवशी कमी. पाहुण्यांना वाटायचं, बाईंनी आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं.

पण गुडघा पगार बघत नाही. तो रात्री ठणकायला लागला. यजमान म्हणाले, "तू रात्रभर कण्हतेस आणि मी सकाळी लोकांच्या किल्ल्या वाकड्या कापतो. एक दिवस कुणीतरी आपल्याच घराबाहेर अडकेल. करून टाक ते ऑपरेशन."

मग ते डॉक्टर, ते बोलणं. डॉक्टरांनी दुखणं पुरतं काढलं. बजावलं एवढंच, की चालायचं, टेकडी चढायची, पण ओझं घेऊन जिना परत कधी नाही.

मावशी खाटेवर होती तोवर टेकडी तिच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे गेली. ही भावजय त्याच गेस्ट हाऊसमध्ये मालिशला होती. हाताची अशी, की तिनं दाबलेला माणूस आधी ओरडतो आणि मग बक्षीस देतो. ती थांबे शिकायला खाटेपाशी येऊन बसली.

"वन्सं, ते डोळे मिटतात तेव्हा मी काय करायचं?"

"काहीही कर. मी गुडघा चोळायचे."

"गुडघा?"

मावशीनं तिला सगळं सांगितलं. भावजय हसत सुटली ती खाली फरशीवरच बसली. "अगं बाई, आणि मी इतके दिवस लोकांना सांगतेय, आमच्या वन्संना काहीतरी सिद्धी आहे."

भावजयीनं टेकडी नीट सांभाळली. पांढरा दगड दिसला की थांबायचं, सांगितलेलं बोलायचं, पुढं निघायचं. कुणाची तक्रार नाही, कौतुकही नाही.

मावशी परत कामावर आली तेव्हा तिच्या पायात वारा भरला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला चढ लागत नव्हता. पंपघर कधी गेलं कळलं नाही. वाकडं झाड मागं पडलं. ती कठड्यापाशी पोचली आणि वळून बघते तर पाहुणे कुठंच नाहीत. बऱ्याच वेळानं एकजण कुशीला हात लावून वर आला आणि म्हणाला, "बाई, पाठीमागं कुत्रं लागलंय का तुमच्या?"

दुसऱ्या दिवशी तिनं दगड लक्षात ठेवले. थांबली, डोळे मिटायला सांगितले. पण आता हाताला काही काम नाही. ती उगाच आकाशाकडे बघत उभी राहिली, कंटाळली, आणि कुणाचा दुसरा श्वास पुरा व्हायच्या आत म्हणाली, "झालं. चला."

आठवड्यात तीन तुकड्यांनी कुरकुर केली. मालकीणबाईंनी तिला वाफेच्या खोलीबाहेर गाठलं.

"मावशी, तुमचं काय बिनसलंय? लोक म्हणतात शाळेच्या सहलीसारखं हाकतात."

"सवय मोडली, बाई. लागेल परत."

"या शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर टेकडी तुमच्या भावजयीकडे राहू दे. तुम्ही परत धुण्याकडे या. मी काही काढून टाकत नाही तुम्हाला."

मालकीणबाई चांगल्या मनानं बोलल्या. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मावशीचा पाय आता बरा झाला. पण धुणं म्हणजे घमेलं, आणि घमेलं म्हणजे गच्चीचा जिना. ते डॉक्टरांनी बंद केलेलं. टेकडी गेली की मावशी घरी बसणार, हे सरळ होतं. आणि किल्ल्यांवर दोन माणसांचं घर चालत नाही, हेही सरळ होतं.

भावजयीला हे कळलं तेव्हा ती तेलाचे हात पुसत म्हणाली, "वन्सं, मला नको तुमची टेकडी. चढून चढून पोटऱ्या भरतात." मग खरं ते बोलली, "पण दिलीच तर नाही म्हणणार नाही. तिथं तेलाचा वास तरी नसतो."

"तू नाही म्हणूही नकोस," मावशी म्हणाली. "घरातच राहील."

घरी येऊन तिनं अंगणातला एक खडा निवडला आणि उजव्या बुटात टाकला. गुडघा बोलत नसेल तर तळवा बोलेल. खड्यानं पंपघरापर्यंत इमानानं काम केलं. मग तो बोटांच्या बेचक्यात शिरला आणि तिथून मावशी फेंगडी चालत वर गेली. पाहुण्यांना तो नवा प्रकार वाटला. दोघातिघांनी तसं चालूनही बघितलं. संध्याकाळी यजमानांनी दिव्याखाली तिचा पाय मांडीवर घेतला आणि फोड बघितला.

"एवढा महागाचा गुडघा बसवला," ते म्हणाले, "आणि वर खडा घालून चालतेस. हे म्हणजे नवीन कुलूप लावायचं आणि दार उघडं टाकायचं."

"मग काय करू? सांगा की."

 यजमानांनी फोडाला मलम लावलं.

शनिवार उजाडला. त्या दिवशीच्या तुकडीत एक नवराबायको होते, दोघांचे बूट एकाच रंगाचे. दोन बहिणी होत्या. आणि एक थोराड अंगाचे गृहस्थ, सोबत त्यांची सून. गृहस्थ फाटकापासून पुढं. तरुणपणी कसले कसले डोंगर चढले ते मोठ्यानं सांगत होते. सून मागून म्हणायची, "बाबा, हळू." बाबा म्हणायचे, "ही टेकडी आहे का उंबरठा?"

मावशीनं पंपघराशी दगड बघून थांबवलं, बोलायचं ते बोलली. खडा आजही बुटात होता, पण फोडाच्या बाजूला सरकून गप्प बसला होता. पुढं निघाले. चढ लागला. आणि गृहस्थांची गोष्ट मधेच तुटली. एका डोंगरावर रात्री तंबू उडाला, इथवर आले होते. तंबूचं पुढं काय झालं ते आलंच नाही.

मावशीनं मागं बघितलं.

गृहस्थ वाटेच्या कडेला मान वळवून उभे होते, देखावा बघतात तसे. तिथं देखावा नव्हता. एक लांबलचक भिंत होती आणि भिंतीला टेकून कचऱ्याचा डबा, भरून वाहणारा. ते खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती. त्यांनी ती सोडली आणि परत बांधली. उठताना उजवा पंजा मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबून धरला.

मावशीला तो पंजा पाठ होता. आठ वर्षं तिनं तिथंच दाबलं होतं. ती नाडीही तिनं कितीतरी वेळा सोडून बांधली होती.

"इथं थांबायचं," ती म्हणाली. "डोळे मिटा."

बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनेनं नाकाला ओढणी लावली. "इथं? मावशी, वास येतोय."

"येऊ द्या. शहर बघायला आलात ना? हे शहरच आहे. मिटा डोळे."

सगळ्यांनी मिटले. गृहस्थांनी एक उघडा ठेवला होता, त्यानं ते मावशीकडे बघत होते. मावशीनं त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागं त्यांचा श्वास ऐकू येत होता, फुंकणीसारखा. मग जरा लांब. मग आणखी लांब. कापड घासल्याचा आवाज आला. ते गुडघा चोळत होते. मावशी कंटाळली नाही. तो आवाज थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग म्हणाली, "उघडा."

वाकड्या झाडापाशी गृहस्थ तंबूची गोष्ट परत सुरू करत होते, म्हणून मावशी तिथं थांबलीच नाही. त्याच्या पुढं, नुसत्या उन्हात, वळणावर थांबली. मग कठड्याच्या अलीकडं एकदा. उतरताना दोनदा, कारण गुडघा उतरताना जास्त छळतो, हे चढणाऱ्यांना माहीत नसतं.

खाली फाटकात मालकीणबाई उभ्याच होत्या. सून आधी पोचली. "टेकडी छान आहे तुमची," ती म्हणाली, "पण आम्हाला कचऱ्याच्या डब्यापाशी डोळे मिटून उभं केलं. पाटीवर तर झाड लिहिलंय."

मालकीणबाईंनी मावशीकडे बघितलं. मावशी वाकून बुटावरची धूळ झटकायला लागली. कारण सांगायचं म्हटलं असतं तर त्या माणसाची नाडी सोडावी लागली असती.

तेवढ्यात गृहस्थ आले. भिंतीला हात लावत, पण गोष्ट सांगत. "उद्या आम्ही आहोत अजून," ते मालकीणबाईंना म्हणाले. "उद्या ह्याच बाई नेणार ना?"

"तुम्हाला आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय. आणि तो डबा, तिथं सगळ्यात बरं वाटलं."

"बाबा, काहीतरीच," सून म्हणाली.

"तुला नाकानं चढायची सवय आहे, मी काय करू?" बाबा म्हणाले आणि वाफेच्या खोलीकडे निघाले. मालिशच्या दारात भावजय उभी होती. तिनं त्यांची चाल वरपासून खालपर्यंत बघितली, मग वन्संकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

मालकीणबाई गोंधळून गेल्या होत्या, पण गिऱ्हाईक खूश झालेलं त्यांना लगेच ओळखू येतं. "भावजयीकडे मालिशला माणसं खोळंबलीत," त्या म्हणाल्या. "टेकडीचं तुम्हीच बघा. आणि मावशी, डब्यापाशी एक पांढरा दगड ठेवून देऊ का?"

"नको बाई. आहेत तेही उचलून घ्या."

"का?"

"पायात येतात," मावशी म्हणाली. पायरीवर बसून तिनं उजवा बूट काढला, उपडा केला, आणि खडा कुंडीत टाकला.

पुढची तुकडी फाटकाशी जमली होती. एकाच्या गळ्यात दुर्बीण, एकीच्या कडेवर मूल, एक आजी काठी विसरून आल्याचं कुणाला कळू नये म्हणून भिंतीला टेकलेल्या. मावशीनं बुटाची नाडी बांधली, उठली, आणि नेहमीसारखी पुढं जायला लागली. मग थांबून बाजूला झाली.

"वळण आलं की हाक मारीन," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं. मी मागून येते."