आईच्या तोंडातली भुरी

आईचा मुदतीचा ताप चौथ्या आठवड्यात उतरला, पण ती उठून बसेना. मग तिच्या जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे ठिपके आले. काकूनं पाहिलं आणि लगेच ओळखलं. आमचा भाजीचा मळा होता. दोडक्याच्या पानांवर असा पांढरा थर आला की काकू ओल्या फडक्यानं पान अन् पान पुसायची.

"भुरी हाये ही," ती म्हणाली, आणि बोटाला फडकं गुंडाळून राखुंडीनं आईचं तोंड घासू लागली.

वाशीमचे डॉक्टर आले. मी अकोल्याला इंग्रजी शाळेत शिकते हे कळल्यावर, घरातल्यांना धास्ती नको म्हणून, ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. ही खरंच एक बुरशी आहे. सगळ्यांच्या तोंडात असते, अंगातली ताकद गेली की माजते. घासू नका, कातडी सोलते. रक्तात शिरली तर माझ्याजवळ औषध नाही. त्यांनी जांभळ्या औषधाची बाटली दिली.

"काय म्हणे डागदर?" काकूनं विचारलं.

"हे लावायचं. घासायचं नाही."

"काहून?"

आई ऐकत होती. शिवाय काकू आधीच चार दिवस घासत होती. मी गप्प राहिले.

काकूनं औषध लावलं, पण आधी घासून. "जागा साफ नसंन तं दवा कायले लागते?" औषध लावल्यावर आईला म्हणाली, "जांभळं खाऊन आल्यावानी दिसून राह्यली वं बाई." आई हसली. फडक्यावर रक्त होतं. मी ते दोन दिवस पाहिलं.

तिसऱ्या दुपारी आईला हुडहुडी भरून पुन्हा ताप चढला. तेव्हा मी काकूला परसात नेऊन सगळं सांगितलं.

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "हे तुले तवाच ठाऊक होतं?"

"हो."

डॉक्टर पुन्हा आले. रक्तात उतरली असावी, म्हणाले. न घासताही उतरते कधी कधी. आई पाच दिवसांनी गेली.

भेटायला येणाऱ्या बाया विचारायच्या, काय झालं होतं. मी शेजारीच बसलेली असायचे. काकू माझ्याकडे न बघता म्हणायची, "मुदतीच्या तापानं गेली." प्रत्येकीला तेवढंच.