काचेपलीकडची मावशी

पाळणाघरवाल्या मावशींना हिवाळा नकोसा वाटायचा. थंडीमुळे नव्हे, बंद दारांमुळे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत चार मुलं असायची, सगळी तीन-चार वर्षांची. आणि प्रत्येकाची आई दारातच बजावून जायची, "मावशी, बाहेर नेऊ नका हं. लगेच छाती भरते."

मग काय, घरातच खेळ. मोज्यांचे चेंडू करून बादलीत टाकायचे, खुर्च्यांवर चादर घालून बोगदा करायचा, डब्यांना झाकणं जुळवायची. तिसऱ्या आठवड्यात मुलं मोज्यांकडे ढुंकूनही बघेनात. मावशींचा तर जीव गुदमरायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. न्हाणीघरात गेल्या तरी दाराच्या फटीतून कुणाची तरी बोटं आत यायची.

त्या दुपारी त्या बाल्कनीतले वाळलेले कपडे काढायला गेल्या. गारवा आत नको म्हणून काचेचं दार लोटून घेतलं, तोच मागे खट् असा आवाज झाला. बंब, म्हणजे गुबगुबीत म्हणून सगळे ज्याला बंब म्हणायचे तो पोरगा, दाराची खालची कडी लावून टाळ्या पिटत होता. "चोर पकडला!"

"शाब्बास! आता सोड बघू चोराला."

बंबनं कडी ओढली. ती हलेना. जुळ्या भावांनी ओढून पाहिली, मग कंटाळून दोघं कोपऱ्यातल्या हिटरकडे वळले.

हिटर चालू होता. मावशींनी कठड्यावरून वाकून हाका मारल्या, पण खाली चिटपाखरू नव्हतं आणि सगळ्यांच्या खिडक्या गच्च बंद. फोन आत. आरडाओरडा केला तर मुलं घाबरून कुठे पळतील याचा नेम नव्हता.

त्यांनी काचेवर टकटक केली. "ए, माझ्यासारखं कोण करतंय?"

त्यांनी नाक काचेला चिकटवलं. तिघं धावत आले, तिघांची नाकं चपटी झाली. मावशींनी काचेवर हाऽऽ करून वाफ सोडली आणि बोटानं मांजर काढलं. "शेपूट कुणी काढायचं?" आतून तीन हाऽऽ झाले, तीन शेपट्या उमटल्या. मग मासा, मग छत्री. हिटरकडे पाठ राहिली म्हणजे झालं.

पायाखालची फरशी बर्फासारखी होती, ओठ बधिर झाले होते. तरी मध्येच एकदा त्यांनी मान वळवून भरभरून श्वास घेतला. कुणी कपडे ओढत नव्हतं, कुणी "मावशी, शू" म्हणत नव्हतं. बरं वाटलं. लगेच स्वतःचीच लाजही वाटली.

उरलेलं चौथं पोर म्हणजे चिमणी. ती कधी कुठल्या खेळात यायची नाही, भिंतीला टेकून बघत बसायची. ती उठून आली आणि कडीपाशी उकिडवी बसली. "मावशी, ही वर करायची?"

"हो गं राणी! आधी फिरव, मग वर. आणि तुम्ही तिघं दार ढकला, गाडी बंद पडलीय!"

मावशींनी बाहेरून दार ओढून धरलं. दोनदा बोटं निसटली. तिसऱ्यांदा कडी सुटली आणि बंब धाडकन त्यांच्या पायांवर येऊन आदळला.

संध्याकाळी मावशींनी सगळ्या आयांना घडलं तसं सांगितलं. "आणि उद्यापासून ऊन असेल तर अर्धा तास खाली नेणार. मुलं कोंडून कोंडून पिसाटतात हो."

"न्या की," बंबची आई हसली. "घरी तर कपाटावर चढतो." जुळ्यांच्या आईनंही मान डोलावली.

चिमणीच्या आईनं मात्र लेकीचा हात घट्ट धरला. "आधी स्वतः बाहेर अडकलात, आता पोरांनाही नेणार? आमची नाही येणार उद्यापासून."

"अहो, तिनंच तर दार उघडलं..."

पण मायलेकी जिना उतरूही लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खाली तिघं एकमेकांच्या सावल्यांवर उड्या मारत होते, सुकलेली पानं टोप्यांत भरून उधळत होते. मावशी मुलं मोजत होत्या, आणि तिनावर थांबायची सवय अजून व्हायची होती. "चला, झाला अर्धा तास," असं म्हणताना मुलांच्या आधी त्यांचाच पाय निघेना. पण उरलेला दिवस वरच काढायचा होता. त्यांनी जुळ्यांचे हात धरले, बंबला पुढे घातलं आणि जिना चढायला लागल्या.