हौश्याचे लोढणे

“त्यानं एकदाबी कण्हून सांगितलं न्हाई. मंग मी वळखायचं तरी कशावरून?”

गोजरबाईचा हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला नुसता ऐकून घ्यावा लागला. तिने तो तक्रारीच्या सुरात विचारला नव्हता. जाफराबादच्या पलीकडे, पूर्णेच्या अंगाला असलेल्या तिच्या गावात मुक्या जनावराचे दुखणे ओळखण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, आणि नेमके त्याच कारणाने ती या प्रश्नापाशी अडून बसली होती.

गाय विताना गेली, किंवा पहिलारू गायीने वासराला जवळ घेतले नाही, की गोजरबाईला बोलावणे येई. ती गेल्यावर फारसे बोलत नसे. वासराला पोत्यावर घ्यायचे, त्याच्या पायांना करडीचे तेल कोमट करून चोळायचे, बांबूच्या नळ्याने थोडे थोडे दूध पाजायचे, आणि पोटाखालून पोत्याची झोळी घालून त्याला चारी पायांवर तोलून धरायचे. अलीकडच्या वर्षांत यात कॅल्शियमच्या औषधाची भर पडली होती. दुभत्या म्हशींसाठी आणलेला त्याचा कॅन तिच्या गोठ्यातल्या कोनाड्यात कायम भरलेला असे. “गोजरबाईनं उभं केलेलं हाय” असे एखाद्या गोऱ्ह्याबद्दल बाजारात सांगितले गेले, तर घेणारा पुढची चौकशी करत नसे. तिला शाळा ठाऊक नव्हती. पण ही एक ओळख तिने स्वतः मिळवलेली होती, आणि ती जपण्याइतका अभिमान तिच्यापाशी होता.

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप चालू होता. तिचा मुलगा अंगद जालन्याहून काळ्यापिवळ्या जीपने आला तो मांडीवर दोन महिन्यांचे एक पिल्लू घेऊन. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तो कामाला होता. त्याच्या मित्राने हे पिल्लू हौसेने आणले होते आणि पुण्याला बदली होताच अंगदच्या गळ्यात घातले होते; घरमालकाने ते खोलीत ठेवू दिले नाही.

“माय, ग्रेट डेन म्हणतात याला. वासराएवढं होतं हे.”

“वासराएवढं व्हतंय तर कुत्रं कशाला म्हणून राह्यला?” सुपारी कातरता कातरता बद्रीनाथ, म्हणजे गोजरबाईचा नवरा, म्हणाला. “दावं लाव अन् बांध म्हशीशेजारी.”

सगळे हसले. पिल्लाचे नाव सीझर होते, ते घरात कुणाच्या जिभेवर बसेना. गोजरबाईने पूर्वी मेलेल्या एका लाडक्या बैलाचे नाव त्याला दिले. दिवाळी संपली, अंगद परत गेला, आणि हौश्या खरोखरच म्हशीशेजारी राहू लागला.

तिने त्याला वाढवले ते तिला येत होते त्याच रीतीने. पहिल्या धारेचे दूध, दुधात कुस्करलेली भाकरी, वर गुळाचा खडा, आणि वासराला द्यावे तसे कॅल्शियम. मात्र जीव लहान म्हणून म्हशीच्या निम्मे. हाड मोठे होणार आहे तर त्याला खुराकही मोठा हवा, हा तिचा हिशेब होता आणि त्यात शंका घ्यावी असे काही दिसतही नव्हते. पिल्लू बघता बघता वाढत होते. संक्रांतीला वाणाला आलेल्या बायका त्याला पाहून मागे सरल्या. शिमग्यापर्यंत तो ओसरीवर उभा राहिला की त्याचे तोंड गोजरबाईच्या कमरेला लागू लागले.

अंग वाढले, समज मात्र पिल्लाचीच होती. पाण्याचा हंडा घेऊन येणाऱ्या सगुणाबाईच्या छातीवर त्याने प्रेमाने दोन्ही पाय ठेवले. शेजारीण हंड्यासकट खाली बसली. दावणीला बांधावे तर खुंटा उपटून यायचा. सर्वांत मोठी आपत्ती शेळ्यांची होती. शेजारच्या फकरोद्दीनचा शेळ्यांचा धंदा होता, आणि त्या चरायला निघाल्या की हौश्या खेळ समजून कळपात घुसायचा. चैत्रात त्या धावपळीत एक शेळी दगडावर आपटून गाभडली.

फकरोद्दीन दारात आला. भांडायला आला असता तर गोजरबाईला सोपे गेले असते.

“भाभी, तुमचा हौश्या खेळून राह्यला अन् माझ्या शेळ्या मरून राह्यल्या. खेळ बराबरीचा न्हाई हा.”

“चूक झाली, भाई. काय करू सांगा. बांधला तर ऱ्हात न्हाई.”

“पळणाऱ्या बैलाला काय करता तुम्ही लोक? लोढणं घाला. बिलकुल सीधा होईल.”

लोढणे म्हणजे उधळ्या जनावराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. जनावर चालते तोवर तो नुसता लोंबतो. धावू लागले की पुढच्या पायांवर आपटतो, आणि जनावर आपोआप थांबते. यात क्रौर्य आहे असे त्या गावात कुणी मानत नाही. बद्रीनाथने बाभळीचा बेताचा तुकडा काढला, कडा तासून गोल केल्या. दोर मानेला काचू नये म्हणून गोजरबाईने त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. इतकी काळजी तिने एखाद्या बैलाच्या लोढण्याचीही घेतली नव्हती.

गुण आला. पहिले काही दिवस हौश्या धावायला गेला, ओंडका पायांवर बसला, तो थांबला. मग तो धावेनासा झाला. शेळ्या अंगणासमोरून जात आणि तो मान टेकवून नुसता पाहत राही. सगुणाबाई हंडा घेऊन निर्धास्त येऊ लागली. “गोजरबाईनं वाघाची शेळी केली,” असे फकरोद्दीन चार लोकांत सांगू लागला, आणि तिला ते ऐकायला बरे वाटत होते.

त्या दिवसांत तिने काय काय पाहिले होते, ते पुढे तिने स्वतःच एकेक करून आठवले. तो ओट्यावरून सरळ न उतरता अंग वाकडे करून उतरे. खाताना पुढचे पाय पसरून खाली बसे. त्याचे पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळू लागले होते आणि मनगटाच्या जागी हाडांना गाठीसारखा फुगवटा आला होता. तिच्या नजरेतून यातले काही सुटले नव्हते. मात्र वाकलेला पाय तिच्या लेखी कमी पडलेल्या कॅल्शियमचा होता. वासरांनी तिला तेच शिकवले होते. तिने कोनाड्यातला कॅन काढला आणि निम्मे माप पुरे केले.

मृगाच्या सुमारास एका सकाळी हौश्या उठला नाही. हाक मारल्यावर शेपूट हलली, मागचे अंग उचलले गेले, पुढचे पाय फाकले आणि तो पुन्हा बसला. गोजरबाईने लोढणे सोडले. चुलीवर तेल ठेवले, पोते आणले, पोटाखाली झोळी घातली. बद्रीनाथने एक टोक धरले, तिने दुसरे. तो उभा राहत नाही असे पाहून तिने त्याला पुन्हा पोत्यावर निजवले आणि मनगटाच्या गाठीवर अंगठा दाबून तेल चोळायला सुरुवात केली. हौश्याने मान वळवली, तिचा हात दातांत धरला आणि लगेच सोडला. एवढ्यातही रक्त आले.

“याडं झालं ते,” बद्रीनाथ म्हणाला. “दूर हो तिथून.”

ती दूर झाली नाही. हात पदरात गुंडाळून त्याच्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून तिने चोळलेल्या जागेचे तेल चाटत होता.

सरकारी दवाखान्यात तिला कुत्र्याची इंजेक्शने सुरू झाली. अंगदने फोनवर सांगितले की जनावर कुणाला तरी देऊन टाकू. पण उठत नसलेले आणि चावणारे कुत्रे घ्यायला कुणी तयार होण्यासारखे नव्हते. बद्रीनाथने दारातल्या खाटेवर बसून जे बोलायचे ते एकदाच बोलून घेतले.

“पोळ्यापर्यंत त्याच्या पायांवर उभा ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर मी डॉक्टरला सुई मारायला सांगतो. लोळत पडलेलं अन् चावणारं जनावर कोन्ही दारात ठेवत न्हाई, गोजरे.”

फकरोद्दीनची गाडी शेळ्या घेऊन जालन्याच्या बाजाराला निघाली होती. त्याने आपण होऊन हौश्याला गाडीत मागे घेतले. ज्यांना त्याने चैत्रात पळवले होते त्यांच्याच पायांत तो पडून राहिला. एक बोकड त्याच्या पाठीला टेकून उभा होता. गोजरबाई मागेच बसली.

जालन्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी वयाने अंगदएवढ्याच होत्या. त्यांनी आधी पायांचे एक्स-रे काढले, मग गोजरबाईला समोर बसवले.

“मावशी, याला खायला काय काय देता?”

गोजरबाईने सगळे सांगितले. दूध, भाकरी, गूळ. सांगताना तिचा आवाज हळूहळू ठाम होत गेला. “अन् कॅल्शियम. त्यात कसूर केली न्हाई म्या. आधी म्हशीच्या निम्मं द्यायची, पाय वाकाया लागले तवा पुरं केलं.”

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. मग हौश्याच्या मानेवरचे केस बाजूला करून पाहिले. “आणि हे मानेला घासल्यासारखं कशानं?”

“लोढणं व्हतं, मॅडम,” दाराशी उभा असलेला फकरोद्दीन म्हणाला. “सांगणारा मीच.”

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत समजावले. या जातीचे पिल्लू फार मोठे होते म्हणूनच ते सावकाश वाढवावे लागते. जास्तीचे कॅल्शियम नाकारण्याची सोय लहान वयात त्याच्या आतड्यांत नसते; दिले तेवढे अंगात जाते आणि हाडांची टोके बिघडतात. पुढच्या पायात दोन हाडे शेजारी असतात. त्यातले एक मागे राहिले, दुसरे वाढत गेले, आणि वाढणारे धनुष्यासारखे वाकले. त्यावर अंगाचा भार होता, आणि वरून ओंडका आपटत होता.

“पण तो शहाणा झालता, डॉक्टरबाई,” गोजरबाई म्हणाली. “शेळ्यांच्या मागं जायचं सोडलं व्हतं त्यानं.”

“दुखत होतं म्हणून सोडलं, मावशी.”

फकरोद्दीन बाहेर जाऊन उभा राहिला.

वाक पुरता जाणार नव्हता. तो चालेल की नाही हे काही महिन्यांनी कळणार होते, आणि उपाय म्हणून जे सांगितले गेले त्यात गोजरबाईला करण्यासारखे फार थोडे होते. कॅल्शियम बंद. दूध-गूळ बंद. दुखण्याच्या गोळ्या, मऊ अंथरूण, पळणे नाही, चोळणे नाही, झोळीने उचलणे नाही. खाणे मोजून, आणि तेही इतकेच की हात फिरवला तर बोटांना बरगडी लागावी.

बरगडी लागावी, हे तिला गावी येईपर्यंत पचले नाही. ज्याच्या दावणीचे जनावर वाळलेले दिसते त्याच्याबद्दल त्या गावात लोक काय बोलतात, हे तिने आयुष्यभर ऐकले होते आणि काही वेळा स्वतःही बोलली होती. आता हौश्या रिकामी ताटली चाटून ती गोठ्यात इकडून तिकडे ढकलत असे. धारेच्या वेळी चरवीचा आवाज झाला की तो मान उचलून तिच्याकडे पाही, आणि ती चरवी पदराआड धरून घरात जाई. भुकेने त्याचा स्वभावही बिघडला. ताटलीजवळ कुणी आले की तो घशातून गुरगुरू लागला.

“काय गं, चावला म्हणून उपाशी मारून राह्यली का त्याला?” सगुणाबाईने एकदा विहिरीवर चारचौघींत विचारले. “पोतं झालं की त्याचं.”

गोजरबाईने घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. डॉक्टरांनी सांगितलेले तिला सांगता आले असते. पण मग कॅल्शियमचेही सांगावे लागले असते.

आषाढात एके दिवशी हौश्याच्या अंथरुणाखाली तिला भाकरीचे तुकडे सापडले. बद्रीनाथ बैलांना पेंड घालत होता, त्याने मागे वळून पाहिले नाही.

“माझ्याच्यानं बघवत न्हाई,” तो म्हणाला.

“सुई मारा म्हणून कोन म्हणालं व्हतं?”

“ते म्हणलो. उपाशी ठेव म्हणलो न्हाई.”

“मलाबी बघवत न्हाई,” ती म्हणाली, “तरी द्यायचं न्हाई.” तिने तुकडे वेचून म्हशीपुढे टाकले.

पोळ्याच्या दिवशी अंगणात बैलांना रंग लावणे चालू होते. हौश्या गोठ्यातून कधी बाहेर आला ते कुणाच्या लक्षात आले नाही. शिंगांना रंग लावता लावता बद्रीनाथ थांबला तेव्हा गोजरबाईने पाहिले. पुढचे दोन्ही पाय कंसासारखे वाकलेले, पंजे बाहेर, बरगड्या दिसणाऱ्या. पण तो कुणी न धरता उंबऱ्याच्या अलीकडे उभा होता.

“घ्या,” बद्रीनाथ म्हणाला, “ह्यालाबी गोंडा बांधा आता.” सुईचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्याच वेळी फकरोद्दीनच्या शेळ्या समोरून गेल्या. हौश्याने त्यांच्याकडे पाहिले, कान उभे केले, आणि तो जागचा हलला नाही. फकरोद्दीनने लांबूनच गोजरबाईकडे बघत खुणेने विचारले: ठीक? तिने मान हलवली नाही. हौश्या समजूतदार झाला होता की त्याचे पाय अजून दुखत होते, हे तिला सांगता येत नव्हते. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, मनगटाच्या गाठीवर अंगठा अलगद ठेवला, आणि दाब वाढवत असताना पायाऐवजी त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. पुढे रोज सकाळी धारेच्या आधी ती हे करत असे.

त्या थंडीत सगुणाबाईच्या गायीला झालेले वासरू उठेना. बोलावणे आले आणि गोजरबाई गेली. तेल चुलीवर ठेवलेले होते, पोते अंथरलेले होते. तिने वासराचा एकेक सांधा हलकेच दाबला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बराच वेळ बसून राहिली.

“नळा आणू का?” सगुणाबाईने विचारले.

“आधी डॉक्टरला फोन लाव.”

“अगं, मंग तुला कशाला बोलावलं?”

“दूध पाजते,” गोजरबाई म्हणाली. “बाकीचं त्यांना इचारून.”

हौश्या १७ मे २०२५ रोजी पोटफुगीने वारला. आदल्या संध्याकाळपर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत होता.