ती उतरली नाय

नायलॉनच्या दोऱ्याचं टोक काडीने जाळलं की जो वास येतो, त्याने मला शेजारच्या कॅथलिक काकांची पडवी आठवते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, म्हणून बाबा काकांच्या पडवीत बसून जाळी दुरुस्त करत, आणि जहाजावरची नोकरी संपवून आलेले काका आम्हाला कॅसेटवर जुने इंग्रजी सिनेमे दाखवत. काका हिरोच्या चालण्यावर खूश, बाबा त्याच्या हॅटवर, आणि मी फक्त हिरॉइनच्या बाजूची. मला बारावीनंतर कोल्हापूरला शिकायला जायचं होतं आणि बाबा नाही म्हणत होते. त्या दुपारी हिरॉइन बॅग उचलून आगगाडीत चढली आणि नेमकी वीज गेली. "परत येतली बघ," बाबा म्हणाले, "घर सोडून खंय जातली?" "येवची नाय," मी म्हटलं. काका हसले, "अगो, हिरो स्टेशनार उभो आसा, उतरतलीच ती." "उभो रवांदे. ती उतरूची नाय." बाबांच्या हातातली सुई थांबली. मी कोणाबद्दल बोलतेय ते त्यांना कळलं होतं, आणि मी मान खाली घातली नाही. वीज आलीच नाही, आणि गोव्याहून भाड्याने आणलेली कॅसेट संध्याकाळी परत गेली. पुढच्याच महिन्यात बाबांनी स्वतः माझी ट्रंक एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तो शेवट खंय गावलो तर बघ, माका सांग." त्यांच्यामुळे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आता तो सिनेमा सहज मिळतो, पण मी बघितलेला नाही. बाबा अजून विचारतात, आणि मी ठणकावून सांगते, "उतरली नाय."