अकीकातला बैल

अख्ख्या खानदेशात आमच्या शेजारच्या चाचांइतका उलट्या नजरेचा माणूस झाला नाही. नजर वाईट नव्हती हो, नुसती उलटी होती. मी मास्तर म्हणून तळोद्याला गेलो तेव्हाच त्यांना अंगठीच्या खड्यांवर मोहर कोरता कोरता चाळीस वर्षं झाली होती. ठसा सुलटा उमटायचा तर खड्यावर नाव उलटं कोरावं लागतं. त्यामुळे उलटं ते त्यांना झरझर वाचता येई आणि सुलटं वाचताना चष्मा लागे. माझ्या टिपकागदावरची उलटी अक्षरं वाचून ते माझी खाजगी पत्रं मलाच ऐकवत. एकदा म्हणाले, "सासूले इतलं गोड लिखू नका, मास्तर. तिले सवय पडी जाई." चूक कबूल करणं मात्र त्यांच्या रक्तातच नव्हतं. मोहरेत कुणाचा चेहरा कोरताना नाक वाकडं आलं, तर ते त्या माणसाचं नाक निरखून बघत.

एकदा तापीकाठचे एक गुजर पाटील आले. त्यांचा लाडका ढवळ्या म्हातारा झाला होता. तो जायच्या आत त्याचा मुखडा अंगठीत हवा होता, म्हणजे नंतरही रोज दिसेल. चाचा चार दिवस पाटलांच्या गोठ्यात बसून राहिले. बैल तिसऱ्याच दिवशी कंटाळून पाठ फिरवून उभा राहिला. चाचा पाटलीणबाईंच्या हातचं जेवून चौथ्या दिवशी उठले. मग कमानीने सळई फिरवत, खडा झिजवणारी कुरुंदाची पूड लावत त्यांनी पंधरा दिवसांत खडा तयार केला.

पाटलांनी अंगठी बोटात घातली आणि त्यांचा चेहरा पडला. "हाऊ मन्हा ढवळ्या नई. त्यानं डावं शिंग वाकडं शे."

हाताच्या सवयीने चाचांनी बैलही उलटा कोरला होता. त्यांनी शांतपणे लाख तापवली, ठसा उठवला आणि पुढे केला. "लाखमा देख. बराबर शे का नई?"

"मंग मी काय लाख बोटमा घालीसन फिरू?"

"मन्हा काममा चूक नई," चाचा म्हणाले. पाटील अंगठी तिथेच ठेवून निघून गेले.

आठवड्याने ढवळ्या गेल्याची बातमी आली. चाचांनी पेटीतून एक लालभडक अकीकाचा खडा काढला. तो त्यांनी स्वतःच्या नावासाठी कित्येक वर्षं जपला होता, हे मला त्या दिवशी कळलं. आठ दिवस दार बंद. मग मला बरोबर घेऊन छकड्यातून पाटलांच्या गावी गेले.

पाटलांनी खडा उजेडात धरला. डावं शिंग वाकडं, कानाजवळची खोक, सगळं जागच्या जागी होतं. पाटील उपरण्यात तोंड खुपसून रडले. मलाही पुढचं काही धड दिसेना.

चाचा ओसरीवर जोडे घालत होते. वर न बघताच म्हणाले, "पाटील, इन्हा ठसा मारू नको. उलटा व्हई जाई."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी हजारोंची नावं कोरली, पण त्यांच्या नावाचा एकही खडा कुठे नाही.